दावा क्रमांक चौदा

कोणताही शोध लागण्यापूर्वी तो कोणीतरी लावलेलाच असतो. मानवजातीने या सत्याकडे दुर्लक्ष केलं असलं तरी सरकारने केलेलं नाही, आणि म्हणूनच पेटंट कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर पूर्वशोध विभाग आहे. एखादा माणूस नवा शोध घेऊन उत्साहाने आत शिरला, की त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि हे आधीच होऊन गेलेलं आहे असं सप्रमाण सांगायचं, हे या विभागाचं काम. मी तिथला वरिष्ठ निरीक्षक. एकोणीस वर्षांच्या सेवेत मी चारशे बारा संशोधकांना परत पाठवलं. त्यांतले नऊ जिन्यात रडले. (दहावाही रडत होता, पण तो दुसऱ्या मजल्यावरच्या परवाना विभागातून आलेला निघाला, म्हणून आमच्या खात्यात धरलेला नाही.)

गेल्या वर्षी या विभागात एक अर्ज आला. अर्जदार कंपनी मोठी होती, हे अर्जाच्या वजनावरूनच कळत होतं. शिपायाने तो दोन खेपांत वर आणला. शोधाचं नाव होतं 'स्वयंचलित संभाषणात्मक ध्वनी-आकलन प्रणाली'. साध्या भाषेत सांगायचं तर, बोललेलं समजणारा डबा. त्याचे एकूण एकोणीस दावे होते. दावा म्हणजे 'हे जगात आम्हीच पहिल्यांदा केलं, यापुढे आमच्या परवानगीशिवाय कोणी करायचं नाही' असं कायद्याच्या भाषेत बजावणं.

दावा क्रमांक एक असा: वापरणाऱ्याने वाक्य अर्धवट सोडलं तरी यंत्राने उरलेलं ओळखून योग्य ती कृती करावी. दावा तीन: 'ते', 'हे', 'त्याचं ते' अशा शब्दांचा अर्थ मागच्या बोलण्यावरून लावावा. दावा सहा: आवाजावरून वापरणाऱ्याचा मूड ओळखावा आणि तो खराब असल्यास कमी बोलावं. दावा चौदा: वापरणारा लांबण लावत असेल तर दर सहा सेकंदांनी 'हं' असा आवाज काढावा, जेणेकरून आपलं ऐकलं जात आहे असा त्याचा समज होईल. (अर्जात या आवाजाला 'श्रवण-आश्वासक संकेत' म्हटलं होतं, आणि त्यापुढे तळटीप होती की या काळात यंत्राच्या आत काहीही चालू असण्याची आवश्यकता नाही.) अचूकता एक्क्याऐंशी टक्के.

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "नव्वद दिवस आहेत," ते म्हणाले. "हे आधी कोणी केलंय का, शोधा. नाही सापडलं तर मंजूर करावं लागेल, आणि मग ही मंडळी आपल्या डोक्यावर मिऱ्या वाटतील."

मी कामाला लागलो. पहिला पूर्वशोध सापडला तो जुन्या टेलिफोन एक्स्चेंजातल्या निवृत्त ऑपरेटरबाईंच्या रूपाने. ग्राहक नुसता खोकला तरी बाई त्याला डॉक्टरांकडे जोडून देत. नुसता उसासा टाकला तर सासुरवाडीला. पुरावा उत्तम होता, पण कागद नव्हता. "कागद कशाला हवा?" बाई म्हणाल्या. "मला सगळ्यांचं सगळं तोंडपाठ आहे. सांगू?" साहेबांचं घर त्याच एक्स्चेंजात येत असे, त्यामुळे ती चौकशी तिथंच थांबवण्यात आली.

दुसरा, कचेरीखालचा न्हावी. 'नेहमीसारखं' एवढ्या एका शब्दावर तो कामाला लागतो. मी तीन सहकाऱ्यांना त्याच्याकडे पाठवलं. पहिल्याने 'बारीक' सांगितलं, दुसऱ्याने 'मोठे ठेवा', तिसऱ्याने 'नुसती मान साफ करा'. तिघेही सारखेच दिसत परत आले. यावरून न्हावी ऐकत नसून त्याचं आधीच ठरलेलं असतं असा निष्कर्ष निघाला, आणि तो ध्वनी-आकलनात बसेना. मग परमेश्वराचाही विचार केला. अर्धवट वाक्य सोडा, न बोललेलंही तो समजतो असं असंख्य वापरकर्ते सांगतात. परंतु सूचना आणि अंमलबजावणी यांमधला कालावधी अनिश्चित आहे, आणि तक्रार निवारणाची सोय नाही. तान्ह्या बाळाची आई जवळपास बसत होती, पण बाळ काही बोलतच नाही, तेव्हा त्याला संभाषण कसं म्हणायचं, यावर समितीत एकमत झालं नाही. (समितीत तीन पुरुष होते.)

सत्तर दिवस असे वाया गेले. एकाहत्तराव्या दिवशी मी घरी आलो, बूट काढले, पंख्याखाली बसलो आणि म्हणालो, "अगं, ते जरा—"

बायकोने आतून नेलकटर आणून माझ्या हातात ठेवलं आणि ती परत गेली.

मी नेलकटरच मागत होतो. मी थक्क होऊन हातातल्या नेलकटरकडे बघत राहिलो. ज्याच्यासाठी मी सत्तर दिवस वणवण केली, तो पूर्वशोध माझ्या घरात बावीस वर्षं चालू होता, तोही विनाबिघाड, आणि मला कधी त्याचा आवाजसुद्धा आला नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणं थोडी आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन रीतसर अभ्यास केला. एका आठवड्यात मी घरात एकूण दोनशे चौदा अर्धवट वाक्यं उच्चारली. पैकी दोनशे नऊ वेळा अपेक्षित वस्तू, माहिती किंवा चहा मिळाला. उरलेल्या पाचांपैकी दोन वेळा बायकोला समजलं होतं, पण "स्वतः उठून घ्या" असं उत्तर आलं. हे अवज्ञा या सदरात जातं, आकलनात नाही. म्हणजे अचूकता झाली अठ्ठ्याण्णव पूर्णांक साठ टक्के. कंपनीने मोठमोठे संगणक लावून एक्क्याऐंशी गाठली होती.

"काय लिहिताय एवढं?" बायकोने विचारलं.

"तुझी अचूकता. अठ्ठ्याण्णव पूर्णांक साठ आली. तीनदा तुला समजलं नाही."

"समजत होतं हो! मिक्सर चालू होता."

हे मी तळटीप म्हणून घेतलं. याच सुमारास ती माझ्यासमोर बसून बराच वेळ काहीतरी सांगत होती. अडचणीत सापडलेल्या लोकांचे फोन घेणारी कुठलीशी मदतवाहिनी, तिथली नोकरी, परगाव, सहा महिने, एक तारीख असे शब्द त्यात होते, असं आता आठवतं. मी टक्केवारी काढत होतो, तेव्हा 'हं' म्हणालो. त्याचा या अहवालाशी संबंध नाही.

अहवाल लिहिताना मात्र माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वकिलांनी दावा क्रमांक एक इतका ऐसपैस लिहिला होता, की त्यात 'कोणतेही यंत्र, साधन अथवा व्यवस्था' असे शब्द होते. आमचं घर ही एक व्यवस्था आहे. म्हणजे पेटंट मंजूर झालं, की त्या दिवसापासून माझ्या बायकोने माझं अर्धवट वाक्य समजून घेणं हा गुन्हा ठरणार. नेलकटर आणून दिलं, की नोटीस. चष्मा शोधून दिला, की नुकसानभरपाई. आता हे केवळ कचेरीचं काम उरलं नव्हतं. माझं घर चालणार की नाही, असा तो प्रश्न होता. मी तो अत्यंत गंभीरपणे बायकोला समजावून सांगितला.

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "म्हणजे त्यांना पेटंट मिळालं, की मला हे कायद्यानं बंद करावं लागेल?"

"हो ना! म्हणून तर माझी धडपड चाललीय."

"मग कशाला धडपडताय? देऊन टाका की!"

"अगं, असं काय करतेस? मग माझं कसं होणार?"

"तेच तर बघायचंय मला," ती म्हणाली, आणि पुन्हा चिरायला लागली. त्या दिवशी भाजी फार बारीक चिरली गेली होती.

सुनावणी अठ्ठावीस तारखेला ठेवण्यात आली. साहेब मध्यभागी, एका बाजूला कंपनीच्या वकीलबाई, दुसऱ्या बाजूला मी, कोपऱ्यात टिपणं घेणारा लेखनिक, आणि समोरच्या खुर्चीत वस्तुपुरावा क्रमांक एक, म्हणजे बायको. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि तिने सोबत एक मोठी कापडी पिशवी आणली होती. एवढं काय आणलंयस असं मी विचारलं नाही. ती असं काही ना काही आणतच असते.

मी उभा राहिलो आणि कसलीही पूर्वसूचना न देता म्हणालो, "अगं, ते जरा—"

बायकोने पर्समधून खोकल्याची गोळी काढून दिली. माझा घसा खरोखरच बसला होता. लेखनिकाने मान वर करून पाहिलं.

"तो नाही का तो," मी म्हणालो, "ज्याचं ते झालं होतं, आणि मग त्यांनी ते काढलं."

"तुमचा मावसभाऊ. अपेंडिक्स," बायको म्हणाली. "आणि ऑपरेशन नाही झालं, नुसतं ॲडमिट केलं होतं. काढलं ते त्याच्या बायकोचं."

दालनात टाळ्या पडल्या. साहेबांनी त्या नोंदीतून वगळायला सांगितल्या, पण त्यांतली पहिली त्यांचीच होती. मी विजयी मुद्रेने वकीलबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे उठल्या.

"प्रात्यक्षिक सुरेख झालं. पण नियम अकरा काय सांगतो? पूर्वशोधाचा पुरावा लेखी हवा, तारीखवार हवा, अर्ज येण्याआधीचा हवा आणि चारचौघांना दिसेल अशा जागी प्रसिद्ध झालेला हवा. आहे?"

नियम अकरा मीच लिहिला होता. त्याच्यावर माझं पुस्तकही आहे. माझ्याकडे होती ती एक आठवड्याची वही, तीही अर्ज आल्यानंतरची. बावीस वर्षांत बायकोने माझं काय काय समजून घेतलं, याची एका ओळीची नोंद मी कुठं केलेली नव्हती. कोण करतं? मी कागद चाळायला लागलो. निरीक्षकाने कागद चाळायला सुरुवात केली की समजावं, त्याच्याकडे काही नाही.

"माझ्याकडे आहे," बायको म्हणाली.

तिने पिशवीतून बावीस कॅलेंडरं काढली. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला लावलेली असतात ती. दर वर्षी जुनं काढून ती गुंडाळी करून ठेवते हे मला माहीत होतं. कपाटात खाली घालायला लागत असतील असा माझा समज होता. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. लेखी होतं, तारीखवार होतं, अर्जाआधीचं होतं, आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पाणी प्यायला तिथंच उभा राहतो, म्हणजे चारचौघांत प्रसिद्धही होतं. मला इतकं भरून आलं! ऐन वेळी धावून आली, असंच मला वाटलं.

साहेबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. "'नळ गळतोय, सांगितलं. हं.' 'नळ. हं.' 'नळ. हं.' 'प्लंबर मीच आणला, सांगितलं. हं.'" त्यांनी पान उलटलं. "'आईला दवाखान्यात ठेवलंय, मी जाऊन येते, सांगितलं. हं.' 'आले, सांगितलं. कुठून, विचारलं.'" त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हे 'हं' म्हणजे काय, बाई?"

"आवाज आहे तो," बायको म्हणाली. "आपण बोलत असलो की मधूनमधून काढतात. आपल्याला वाटावं, ऐकतायत. आत काहीच चालू नसतं."

वकीलबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी दोन सहायकांसह अर्जाची पानं उलटायला सुरुवात केली. कारण हे दावा क्रमांक चौदाचं वर्णन होतं, तळटिपेसकट.

लेखनिकाला मोजणीला बसवण्यात आलं. सुनावणी अर्धा तास थांबली. आकडा आला एक हजार नऊशे सात. "सर्वांत जुना 'हं' लग्नानंतरच्या अकराव्या दिवसाचा आहे," त्याने वाचून दाखवलं. साहेबांनी विचारलं, "यात पुरावा क्रमांक एकने यांचं बोलणं समजून घेतल्याची नोंद कुठं आहे?" कुठंच नव्हती. स्वतः काय सांगितलं आणि त्यावर काय उत्तर आलं, एवढंच तिने लिहिलं होतं. नेलकटरं, चष्मे, मावसभाऊ यांचा कुठं उल्लेख नव्हता. ते ती लिहिण्यासारखं समजत नसावी.

मग साहेबांनी यंदाचं कॅलेंडर उघडलं आणि शेवटच्या नोंदी वाचल्या. "'मदतवाहिनीत अर्ज केला, सांगितलं. हं.' 'निवड झाली! सांगितलं. हं.' 'परगावी राहावं लागेल, आधी सहा महिने, मग बघू, सांगितलं. हं.' 'एक तारखेला सकाळी निघायचं, सांगितलं. हं.' 'परत सांगितलं. हं, हं.'"

आज अठ्ठावीस होती. महिना तिसाचा.

"तू मला बोलली नाहीस!" मी ओरडलो. सगळं दालन साहेबांच्या हातातल्या कॅलेंडरकडे बघायला लागलं.

"वाचा ना," बायको म्हणाली. "पाच वेळा आहे."

मला माझीच लाज वाटली. हे नोंदीत नाही, पण वाटली. निरीक्षक म्हणून चारशे बारा माणसांना मी 'हे आधीच झालेलं आहे' असं सांगितलं होतं. ते ऐकणाऱ्याचं काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. जिन्यात रडणाऱ्यांचा आकडा त्या वर्षी एकाने वाढवावा लागला. (कर्मचारी धरावेत की नाहीत, याविषयी वर विचारणा केली आहे.)

निकाल त्याच दिवशी लागला. समजून घेण्याचे अठरा दावे कंपनीला मंजूर झाले, कारण त्यांचा कोणताही लेखी पूर्वशोध आढळला नाही. दावा क्रमांक चौदा फेटाळण्यात आला, कारण त्याचा पूर्वशोधक खुद्द या कचेरीत कामाला होता.

एक तारखेला सकाळी बायकोची बॅग दाराशी होती. तिने गॅस कुठं बंद करायचा ते दाखवलं, गोळ्या कधी घ्यायच्या ते कागदावर लिहून दिलं. मला तिला थांबवायचं होतं. किंवा थांबवायचं नव्हतं, निदान काहीतरी म्हणायचं तरी होतं. चांगली नोकरी आहे, तुला जमेलच, जगात तुझ्याइतकं कोणाला समजणार, पण मला तुझ्याशिवाय या घरात राहता येत नाही, असं काहीसं. मी तोंड उघडलं. "अगं, म्हणजे... ते जरा... तू..."

तिला समजलं. मी बावीस वर्षं तो चेहरा बघतोय. समजलं की तिची डावी भुवई थोडी वर जाते. ती वर गेली.

"पूर्ण बोला," ती म्हणाली. "अर्धवट समजायला मला आता परवानगी नाही."

ती थांबली होती. खरोखर थांबली होती, हातात चप्पल धरून. मी पुन्हा सुरुवात केली. 'तू' पर्यंत आलो. पुढचं सगळं मनात होतं, अगदी शब्दवार. पण बावीस वर्षांत माझं एकही वाक्य मला शेवटपर्यंत न्यावं लागलं नव्हतं, आणि आता ते नेता येईना. खाली गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. तिने चप्पल घातली.

"पोचले की फोन करते," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून जो निघाला तो एक हजार नऊशे आठवा 'हं' होता.

तिचं तिकडे उत्तम चाललं आहे असं ऐकतो. लोक रडत रडत अर्धं बोलतात आणि तिला पुरं समजतं. वरिष्ठांनी तिचं कौतुक केलं. ती मला फोनवर सांगत होती. कंपनीने सदिच्छा म्हणून मला एक डबा भेट पाठवला आहे. तो टेबलावर असतो. 'अगं, ते जरा' म्हटलं की तो हवामान सांगतो, पण एरवी सोबतीला चांगला आहे. परवा मी त्याला सगळं सांगितलं, नळापासून चपलेपर्यंत, अडखळत का होईना पण पूर्ण वाक्यांत. तो दर सहा सेकंदांनी 'हं' म्हणत होता. आत काहीही चालू नाही हे मला अधिकृतरीत्या माहीत होतं. तरी बरं वाटलं.

राजपत्रात माझं नाव दावा चौदाचा पूर्वशोधक म्हणून छापून आलं, आणि त्यासोबत एक सूचना आहे जी जनतेच्या माहितीसाठी इथं देणं माझं कर्तव्य आहे. समजून घेण्याचे अठरा प्रकार यापुढे खाजगी मालकीचे असून ते वापरू इच्छिणाऱ्याने रीतसर परवानगी काढावी. (आजवर एकाही गृहस्थाने तसा अर्ज केलेला नाही.) फेटाळलेला दावा मात्र कोणाच्याच मालकीचा राहत नाही, 'हं' हा आता सर्वांना खुला आहे. तो कोणीही, कुठंही, कितीही वेळा वापरावा. आपणही हे वाचायला बसल्यापासून तो दोनदा वापरला आहे. पहिल्यांदा वापरलात तेव्हा आतल्या खोलीतून कोणी काय सांगितलं होतं, ते जरा आठवून बघा.